शनिवारवाडा आतून कसा होता?

शनिवारवाडा पाहायला आलेला माणूस दिल्ली दरवाजापाशी थबकतो. खिळे ठोकलेली दारे, दोन्ही बाजूंचे बुरूज, वर सागवानी नगारखाना. हे सारे त्याच्या अपेक्षेइतके भव्य असते. देवडीतून वळण घेऊन तो आत जातो आणि त्याला दिसते हिरवळ. हिरवळीत काळ्या दगडाची जोती, पाण्याचे पाट, कोरडी कारंजी, आणि जागोजागी महालांच्या नावांच्या पाट्या. पाट्या वाचून झाल्यावर तो बरोबरच्या माणसाला विचारतो, "पण वाडा कुठे आहे?"

प्रश्न अगदी योग्य आहे. आपण ज्याला शनिवारवाडा म्हणतो तो मुख्यतः तट आहे. तटाच्या आत जो वाडा होता, ज्यात पेशव्यांच्या पिढ्या राहिल्या, जिथून दिल्लीपासून तंजावरपर्यंत पत्रे गेली, तो १८२८ च्या फेब्रुवारीतल्या आगीत जळाला. आग सात दिवस धुमसत होती असे पुण्यात सांगतात. त्यानंतर त्या वाड्याची आठवण दोन गोष्टींवर तगली. एक, नारायणरावांची "काका, मला वाचवा" ही हाक, आणि दुसरी, सिनेमा-नाटकांतले नेपथ्य. हाकेला भिंती नसतात आणि नेपथ्याच्या भिंती खोट्या असतात. त्यामुळे वाडा आतून कसा होता, हा साधा प्रश्न मागेच राहिला.

या प्रश्नाला बरेच उत्तर देता येते, असे माझे म्हणणे आहे. त्यासाठी चार साक्षीदारांना एकत्र बसवावे लागते: जोते, चित्र, लेखी वर्णन आणि पुण्यात व पुण्याबाहेर अजून उभे असलेले जुने वाडे. यांतला एकटा साक्षीदार पुरेसा नाही. चौघांचे म्हणणे ताडून पाहिले की जो वाडा उभा राहतो, तो आपल्या डोळ्यांपुढच्या वाड्याहून बराच वेगळा आहे.

कोणत्या सालचा वाडा?

आधी एक घोळ दूर करायला हवा. पहिल्या बाजीरावांनी १० जानेवारी १७३० रोजी वाड्याचा पाया घातला आणि २२ जानेवारी १७३२ रोजी वास्तुशांत झाली. खर्च आला १६,११० रुपये. लाकूड जुन्नरच्या बाजूच्या जंगलांतले, दगड चिंचवडच्या खाणींतला, चुना जेजुरीकडचा. हा पहिला वाडा पुढच्या वाड्याच्या मानाने आटोपशीर होता. पुढे प्रत्येक पेशव्याने त्यात भर घातली, पाडले, पुन्हा बांधले. ज्या गणेश रंगमहालाचे नाव सर्वांत जास्त घेतले जाते तो नानासाहेबांनी १७५५ साली बांधवला. सोळा पाकळ्यांच्या कमळाच्या आकाराचे हजारी कारंजे सवाई माधवरावांच्या बाळपणीचे. थोरले बाजीराव २८ एप्रिल १७४० रोजी रावेरखेडीला वारले. म्हणजे बाजीरावांनी आणि मस्तानीने ना गणेश रंगमहाल पाहिला, ना हजारी कारंजे. पडद्यावर त्या दोघांना या साऱ्या वैभवात वावरताना पाहून आपण १७३५ आणि १७९० ही साले एकात एक मिसळतो.

तेव्हा 'शनिवारवाडा कसा होता' असे विचारताना साल सांगितले पाहिजे. पुरावा सर्वांत जास्त आहे तो १७९० च्या आसपासच्या, सवाई माधवरावांच्या वाड्याचा. पुढचे विवेचन त्या वाड्याबद्दल आहे.

जोते काय सांगते

१८१८ नंतर वाडा इंग्रजांच्या ताब्यात गेला. पहिला कलेक्टर रॉबर्टसन काही काळ तिथे राहिला. मग वाड्यात तुरुंग, रुग्णालय, वेड्यांचे इस्पितळ असे काय काय झाले. आगीनंतर मोकळ्या झालेल्या जागेत सरकारी कचेऱ्या आल्या. १९१९ साली वाडा संरक्षित स्मारक ठरला, आणि पुढच्या काही वर्षांत आतल्या इमारती काढून उत्खनन झाले. आज दिसणारी जोती त्या उत्खननाची देणगी आहे.

जोते उंचीबद्दल काही बोलत नाही, पण मांडणी सांगते. वाडा म्हणजे एक मोठी इमारत नव्हती. अनेक चौक एकमेकांना जोडलेले होते, आणि प्रत्येक चौकाभोवती सोपे आणि दालने होती. बाहेरचा माणूस किती आत येऊ शकतो, हे चौकांवरून ठरे. फडावर कामाला आलेला कारकून एका चौकापर्यंत, भेटीला आलेला सरदार त्याच्या पुढच्या चौकापर्यंत, आणि घरची माणसे सर्वांत आत. पाण्याचे पाट आणि कारंजी चौकांशी निगडित आहेत. नानासाहेबांच्या काळात कात्रजहून नळाने पाणी शहरात आले, त्याशिवाय हा पाण्याचा खेळ शक्य नव्हता. उन्हाळ्यात चौकात उडणारे पाणी, आणि त्या चौकाकडे उघडणारी दालने, ही त्या काळची गारव्याची सोय होती.

जोत्याच्या वर काय होते, याचे उत्तर जळण्यातच आहे. छत्रपती शाहू महाराजांनी 'दगडी वाडा बांधण्याचा मान राजाचा' असे सांगितल्यामुळे वरचे बांधकाम विटांचे केले, अशी कथा सांगतात. कथा खरी असो वा नसो, बांधकामाची रीत तशीच होती: खाली घडीव दगड, वर विटा, आणि सगळा भार पेलणारा सागवानी सांगाडा. भिंती केवळ आडोशाच्या. खांब, तुळया, कडीपाट, जिने, महिरपी, तख्तपोशी, सारे लाकडाचे. म्हणून आगीने बरोबर आतला भागच नेला आणि दगड तेवढा ठेवला.

चित्राची साक्ष

वाड्याचा आतला भाग प्रत्यक्ष पाहून काढलेल्या चित्रांतले सर्वांत महत्त्वाचे चित्र आज लंडनच्या टेट संग्रहात आहे. १७९० साली टिपूविरुद्ध पेशवे, निजाम आणि इंग्रज यांचा तह झाला. ६ ऑगस्ट १७९० रोजी इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट याने तहाची मंजूर प्रत भर दरबारात सवाई माधवरावांना दिली. तो प्रसंग या मोठ्या तैलचित्रात आहे आणि जागा आहे गणेश रंगमहाल.

हे चित्र कसे तयार झाले, ते नीट समजून घेतले पाहिजे. मूळ कामगिरी जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराची. पण वेल्स मुंबईत उतरला १७९१ साली आणि पुण्यात आला १७९२ मध्ये, म्हणजे तो दरबार त्याने पाहिलाच नव्हता. त्याने नंतर पुण्यात राहून माणसांची आणि दालनाची रेखाटने केली. १७९५ च्या ऑक्टोबरात सवाई माधवराव गेले, आणि पुढच्याच महिन्यात वेल्सही वारला. त्याची रेखाटने थॉमस डॅनियल या चित्रकाराकडे गेली, आणि त्याने १८०५ साली लंडनमध्ये चित्र पुरे केले. दोन वर्षांनी चार्ल्स टर्नरने त्याचा छाप काढला. प्रसंगापासून चित्रापर्यंत पंधरा वर्षे आणि दोन चित्रकार, असा हा प्रवास आहे.

अशा साक्षीदाराचे काय मानावे आणि काय मानू नये? माझी कसोटी साधी आहे. ज्या गोष्टी वाढवून सांगण्यात चित्रकाराचा फायदा होता, त्या सावधपणे घ्याव्यात: दालनाची उंची, रुंदी, माणसांची नाटकी मांडणी. दरबारी चित्र म्हटले की भव्यता आलीच, आणि मॅलेटचे महत्त्व वाढवणे हा तर चित्राचा हेतूच होता. ज्या गोष्टी इंग्रज प्रेक्षकाला अनोळखी होत्या, ज्या रचून सांगण्याचे काही कारण नव्हते, त्या विश्वासाने घ्याव्यात.

अशा विश्वासार्ह गोष्टी बऱ्याच आहेत. सारा दरबार जमिनीवर बसला आहे. खुर्ची नाही, मेज नाही, उंच सिंहासन नाही. पांढऱ्या जाम्यांतली माणसे ओळीने बैठकीवर बसली आहेत, आणि इंग्रज मंडळीही त्यांच्यासारखीच खाली. दालनात खांबांच्या रांगा आहेत, खांबांना जोडून महिरपी आहेत, आणि मागच्या बाजूला ज्याच्यावरून दालनाला नाव मिळाले तो गणपती आहे. वेल्सने १७९२ साली काढलेले सवाई माधवराव आणि नाना फडणिसांचे चित्रही प्रसिद्ध आहे. त्यातही बैठक जमिनीवरचीच.

त्याच काळात मॅलेटच्या पुढाकाराने पुण्यात चित्रशाळा निघाली आणि गंगाराम तांबट हा पुण्याचा कलावंत इंग्रजी पद्धतीने प्रत्यक्ष पाहून रेखाटने करू लागला. वेल्स आणि गंगाराम यांची कित्येक रेखाटने आज अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात आहेत. पुण्याच्या घरांचा, माणसांचा आणि मंदिरांचा हा दस्तऐवज मराठी वाचकांपर्यंत फारसा पोहोचलेला नाही.

लेखी वर्णन

१८८५ साली निघालेल्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये वाड्यातल्या दिवाणखान्यांची नावे आली आहेत: गणपती रंगमहाल, नाच दिवाणखाना, आरसे महाल, जुना आरसे महाल, दादासाहेबांचा दिवाणखाना, नारायणरावांचा महाल, हस्तिदंती महाल. वर्णन असे, की छतांना लाकडात वेलबुट्टी कोरली होती, खांब सुरूच्या झाडाच्या आकाराचे होते, भिंतींवर घोटून चकाकी आणलेला चुन्याचा गिलावा होता आणि त्यावर रामायण-महाभारतातली चित्रे होती. कारागिरांची नावेही परंपरेने टिकली आहेत: शिवराम कृष्ण, देवाजी, कोंडाजी सुतार, मोरारजी पाथरवट, जयपूरचा भोजराज, राघो चितारी. वाड्याच्या सर्वांत वरच्या मजल्याला मेघडंबरी म्हणत आणि तिथून आळंदीच्या देवळाचा कळस दिसे, असेही सांगतात.

बखरी आणि इतिहासांतल्या दुःखद प्रसंगांतूनही वाड्याची रचना कळते. नारायणरावांचा खून ३० ऑगस्ट १७७३ रोजी, गणेशोत्सवाच्या दिवसांत झाला. जीव वाचवण्यासाठी ते एका दालनातून दुसऱ्यात, तिथून चुलत्याच्या दिवाणखान्याकडे धावत गेले. हे घडू शकले, कारण दालने एकमेकांत उघडत होती आणि कर्त्या पुरुषांचे दिवाणखाने एकाच वास्तूत, हाकेच्या अंतरावर होते. सवाई माधवराव वरच्या मजल्यावरून खाली पडले. खालच्या कारंज्यावर आदळून त्यांना जबर जखम झाल्याचे ग्रँट डफने लिहिले आहे. म्हणजे वरच्या मजल्याची मोकळी बाजू कारंज्याच्या चौकावर थेट उघडत होती. इतिहासकार या प्रसंगांत कारस्थान आणि मनःस्थिती शोधतात, आणि ते योग्यच आहे. पण वास्तूचा अभ्यास करणाऱ्याला त्यात नकाशाही सापडतो.

चौथा साक्षीदार

आता राहिला सर्वांत दुर्लक्षित साक्षीदार: उभे असलेले वाडे. दुसऱ्या बाजीरावांचा विश्रामबागवाडा १८०७ च्या सुमाराचा, शनिवारवाड्याजवळचा नानावाडा १७८० च्या सुमाराचा, वाईजवळ मेणवलीला नाना फडणिसांचा वाडा, आणि पुण्याच्या पेठांतले सरदारांचे, सावकारांचे, भिक्षुकांचे लहानमोठे वाडे. शनिवारवाडा त्यांच्यापेक्षा मोठा आणि श्रीमंत होता, पण भाषा एकच होती. त्याच सुतारांच्या पिढ्या, तोच चुना, तीच मोजमापे.

गेली अनेक वर्षे मी पेठांतल्या पडत्या वाड्यांत टेप आणि वही घेऊन फिरतो. त्यातून ज्या गोष्टी वारंवार दिसल्या त्या सांगतो.

पहिली गोष्ट खणाची. वाड्यातली खोली लांबी-रुंदीने मोजत नसत, खणांनी मोजत. दोन खांबांमधले अंतर म्हणजे खण. 'दोन खणांची खोली', 'पाच खणांचा सोपा' असे जुने पुणेकर आजही बोलतात. खणाचे माप लाकडाच्या लांबीवर आणि ताकदीवर ठरते, मालकाच्या श्रीमंतीवर नाही. श्रीमंत माणूस खण वाढवू शकतो, खण रुंद करू शकत नाही. म्हणून शनिवारवाड्यातला सर्वांत मोठा दिवाणखानाही खांबांच्या रांगांनी भरलेलाच असणार. चित्रपटातल्यासारखे बिनखांबी अफाट सभागृह सागवानाच्या तुळईवर उभेच राहत नाही. गणेश रंगमहालात शंभरावर नर्तकी एकाच वेळी नाचत असे म्हणतात. त्या खांबांच्या ओळींमधूनच नाचत असतील.

दुसरी गोष्ट महिरपीची. वाड्यातली कमानदार लाकडी महिरप भार घेत नाही. खांब आणि तुळई यांच्या सांध्यात ती नंतर बसवलेली असते, आणि सांधा झाकणे हे तिचे मुख्य काम. वाडा उतरवताना महिरप अलगद निघून येते, वरची तुळई जागची हलत नाही. सुरूच्या खांबाचे वर निमुळते होत जाणे, त्याच्या डोक्याशी लटकणारी केळफुले, हा सगळा साज सांगाड्यावर चढवलेला दागिना आहे. साज काढला तर खाली राहते सामान्य माणसाच्या घरासारखेच खांब-तुळईचे घर.

तिसरी गोष्ट नजरेच्या उंचीची. वाड्याच्या माडीवरच्या खिडक्या जमिनीपासून वीतभर-हातभर उंचीवर सुरू होतात. कोनाडे आणि देवळ्या खाली असतात. खांबाच्या बैठकीवरचे सर्वांत बारीक कोरीवकाम जमिनीपासून दोन-तीन फुटांत असते. उभ्या माणसाला हे सारे गैरसोयीचे वाटते. खाली बसून पाहिले की सगळे जागच्या जागी येते: खिडकीतून चौक दिसतो, कोनाड्यातल्या दिव्याला हात पोचतो, नक्षी डोळ्यांसमोर येते. डॅनियलच्या चित्रातली जमिनीवरची बैठक आणि पेठेतल्या वाड्याची खिडकी इथे एकमेकींना दुजोरा देतात. शनिवारवाडा बसलेल्या माणसासाठी बांधलेला होता.

चौथी गोष्ट उजेडाची. दालनाची एक बाजू चौकाकडे उघडी असते आणि आतली बाजू अंधारी. उजेड चौकातून येतो आणि आत जाता जाता मंद होतो. चुना घाणीत मळून, त्यात गूळ-हिरड्यासारखे पदार्थ घालून, थर सुकण्याआधी गुळगुळीत दगडाने घोटत. अशा भिंतीवर समईचा उजेडही पसरतो. मेणवलीच्या वाड्यात आणि दिल्ली दरवाजाच्या आतल्या भिंतींवर पुसट झालेली चित्रे आहेत. ती झगझगीत उजेडात पाहू नयेत. तेलाच्या दिव्याच्या हलत्या उजेडात, बसल्या जागेवरून पाहण्यासाठी ती काढली होती.

आतला भाग दोनदा गेला

या चौघांच्या साक्षी एकत्र केल्या की १७९० चा वाडा असा दिसतो. बाहेरून किल्ला, आतून चौकांचे गुंफलेले घर. दालने लांबट, खांबांची, एका बाजूने चौकाकडे उघडी. वर कोरीव तख्तपोशी, खाली बिछायत, लोड-तक्के, पडदे. मधल्या काळात, दुपारी, बऱ्यापैकी अंधार आणि गारवा. चौकातून पाण्याचा आवाज. आणि सतत माणसे: कारकून, हुजरे, आश्रित, भेटीला आलेले वकील. संगमरवरी राजप्रासादापेक्षा हे चित्र आपल्या आजोबांच्या वाड्याला जवळचे आहे, फक्त ते कित्येक पटींनी मोठे आणि साजरे आहे.

यातला बिछायत, पडदे, हंड्या, झुंबरे हा जो भाग, तो आगीच्या आधीच गेला होता. दुसरे बाजीराव पुढे पुढे विश्रामबाग, शुक्रवार, बुधवार अशा वाड्यांत जास्त रमले. खडकीच्या लढाईनंतर १७ नोव्हेंबर १८१७ रोजी शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले, तेव्हा वाड्याचा संसार मोडला. कैदी आणि रुग्ण राहत होते त्या दालनांत लाकूड तेवढे जुने उरले होते. १८२८ च्या आगीने तेही नेले. पुढे मे १८७९ मध्ये बुधवारवाडाही आगीत गेला आणि विश्रामबागवाड्याचा काही भाग जळाला. पेशव्यांच्या पुण्याचा आतला भाग असा टप्प्याटप्प्याने नाहीसा झाला.

आणि तो अजून नाहीसा होतो आहे, हे सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुरात नदीकाठच्या पेठांतले शेकडो वाडे बसले. जे वाचले, ते भाऊबंदकीत, जुन्या भाड्यांच्या तिढ्यात आणि पावसाच्या गळतीत झिजत आहेत. मालकांना दोष देण्यात अर्थ नाही. गळके छप्पर आणि वीस वाटेकरी असलेल्या माणसाला वारशाचे प्रवचन ऐकवणे सोपे आहे. वाडा पडतो, सागवान तोलून विकले जाते, सुरूचा खांब कुठल्याशा हॉटेलच्या दारात शोभेला उभा राहतो. खांब वाचतो, पण तो कितव्या खणातला, कुठल्या तुळईखालचा, हे कोणालाच कळत नाही. संदर्भाविना तो केवळ लाकूड आहे. राजा दिनकर केळकर संग्रहालयात मस्तानी महाल म्हणून कोथरूडच्या महालाचे अवशेष आणून पुन्हा मांडलेले आहेत. तिथे उभे राहिले की एकत्र ठेवलेल्या भागांना किती जास्त बोलता येते, ते लगेच समजते.

प्रत्येक वाडा वाचवता येणार नाही. पण प्रत्येक वाडा पाडण्याआधी मोजता येईल. त्याला सरकारी योजना लागत नाही. दोन माणसे, एक टेप, एक वही आणि मोबाइलचा कॅमेरा पुरतो. खण किती, खणाचे माप काय, खिडकीची जमिनीपासूनची उंची किती, जिना कुठून चढतो, चौक किती बाय किती, तख्तपोशीची नक्षी कोणती, एवढे टिपायला एक दुपार लागते. वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी, पेठांतल्या मंडळांनी, घरच्याच मुलांनी हे करावे. अशा पाच-पन्नास वह्या जमल्या, तर शनिवारवाड्याच्या जोत्यावर कोणते दालन कसे उभे होते, हे आजच्यापेक्षा कितीतरी खात्रीने सांगता येईल.

शनिवारवाडा परत बांधावा, अशी मागणी अधूनमधून होते. जोत्यावर नवे काँक्रीट उभे करून तो परत येणार नाही. त्याच्या खणाचे माप मात्र अजून पुण्याच्या पेठांत, कोणाच्या तरी माडीवर, शाबूत आहे. ती माडी उतरण्याआधी तिथे टेप पोचावी.